जुन्या मोटारीचा ताप : निदान आधी, औषध मागाहून

घरात कोणास ताप आला म्हणजे आपण वैद्यास बोलावतो. वैद्य जाणता असेल, तर तो आल्याबरोबर पुडी सोडीत नाही. ताप केव्हा चढतो, केव्हा उतरतो, हे तो आधी विचारतो. कारण ताप हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय. मोटारीला ताप आला म्हणजे मात्र आपली ही शहाणी रीत सुटते. एक मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकावयास सांगतो, दुसरा मोठा रेडिएटर बसवितो, तिसरा पंखा बदलतो. पैसा जातो, ताप राहतो; आणि शेवटी हौसेने जपलेली गाडी कंटाळून भंगारात जाते. ज्या जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसविले आहे, तिच्या वाट्याला तर हे दैव फारच वेळा येते.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. अँबॅसडर ही गाडी इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या घडणीवर १९५७ पासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत होती. १९५९ पासून तिच्यात १,४८९ सी.सी.चे, सुमारे ५५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन येऊ लागले. १९९२ मध्ये कारखान्यानेच तिला इसुझूचे १.८ लिटरचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन दिले. पुढे हेच इंजिन जुन्या अँबॅसडरमध्ये बसविण्याची हौस अनेकांनी केली. कारखाना इंजिन बदलतो, तेव्हा नळ्या, पंखा, रेडिएटर यांचा मेळही तोच घालतो. गॅरेजमध्ये हा मेळ मिस्त्रीला आपल्या हाताने घालावा लागतो. तापाचे मूळ बहुधा येथेच असते.

आता उष्णतेचा जमाखर्च पाहू. जुन्या हिशेबाने बोलावयाचे, तर जळलेल्या पेट्रोलच्या रुपयातील साधारण चार आणे कामी येतात; पाच-सहा आणे धुराबरोबर निघून जातात; आणि जवळजवळ तितकेच आणे पाण्याच्या गळ्यात पडतात. पाणी ही उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेते आणि तेथे हवा ती घेऊन जाते. इंजिन जितकी अधिक शक्ती देईल, तितका हा बोजा वाढतो.

यावरून कोणी म्हणेल, “इंजिन मोठे झाले, तेव्हा गाडी तापणारच.” येथेच मोठी चूक होते. गाडीचे वजन तेच, रस्ता तोच, वेग तोच, तर लागणारी शक्तीही जवळजवळ तीच. सपाट रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटरने जाताना नवे इंजिन आपली सारी शक्ती खर्चीत नाही. मोठ्या इंजिनाचा अधिक बोजा रेडिएटरवर पडतो तो आपण ती अधिक शक्ती वापरू तेव्हा, म्हणजे घाटात किंवा भरधाव वेगात. म्हणून सपाटीवर सावकाश चालतानाही गाडी तापत असेल, तर मोठा रेडिएटर विकत घेण्याची घाई करू नये. दोष जोडणीत शोधावा.

पहिला प्रश्न : ताप खरा आहे काय? काटा जुन्या गाडीचा आणि त्याला खबर देणारा सेन्सर नव्या इंजिनाचा, अशी जोडी असली म्हणजे काटा खोटे बोलू शकतो. इंजिनाच्या डोक्याकडील पाण्याच्या तोंडाशी वेगळ्या तापमापकाने खात्री करून घ्यावी.

दुसरा प्रश्न : ताप केव्हा चढतो? सिग्नलला उभे असताना चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो, तर हवा कमी पडते आहे. पंखा रेडिएटरपासून फार दूर राहिला असेल, भोवतीचा पत्र्याचा घेर काढून टाकला असेल, किंवा विजेच्या पंख्याच्या तारा उलट जोडल्यामुळे तो वारा ओढण्याऐवजी पुढे ढकलीत असेल. इंजिन चालू असताना पुढच्या जाळीवर कागद धरावा. तो चिकटून राहिला, तर वारा योग्य दिशेने जात आहे. उलट, वेगात किंवा चढावर ताप येत असेल, तर पाण्याचा प्रवाह, आतून बुजलेला रेडिएटर आणि इग्निशनचे टायमिंग तपासावे. खालची रबरी नळी मऊ झाली असेल, तर पंपाच्या ओढीने ती चपटी होऊन पाणी अडविते.

तिसरा प्रश्न : रेडिएटरमध्ये जाणारे आणि बाहेर येणारे पाणी यांच्या उष्णतेत अंतर किती? थर्मोस्टॅट उघडल्यावर ते मोजावे. अंतर फार मोठे असेल, तर पाणी कमी वाहते आहे. अंतर थोडे आणि दोन्ही नळ्या सारख्याच कढत असतील, तर पाणी वाहते आहे, पण हवा उष्णता नेत नाही.

थर्मोस्टॅटविषयी दोन शब्द. काही इंजिनांत तो उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढून टाकला, तर ती आडवाट उघडी राहते आणि कढत पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरते. म्हणजे औषधानेच रोग बळावतो!

इंजिन रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच बसले, तर वरच्या कोपऱ्यात हवा कोंडते. अशा वेळी पुढची चाके उंचावर घेऊन, थंड इंजिनात पाणी सावकाश भरावे; सर्वांत उंच जागी हवा सोडण्याची सोय करावी. मात्र पुन्हा पुन्हा बुडबुडे येत असतील, पाणी कमी होत असेल आणि मागून पांढरा धूर निघत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. ती फिटेपर्यंत गाडी चालवू नये.

शेवटी झाकणाची गोष्ट. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरी ९६ अंशांच्या आतच. पसरणी घाट चढताना इंजिनाचा बोजा वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू मात्र खाली येतो. सात पौंड दाबाचे झाकण हा बिंदू सुमारे अकरा अंशांनी वर नेते. त्याची स्प्रिंग सैल झाली की हे संरक्षण गेले. पण म्हणून नव्या इंजिनाचे अधिक दाबाचे झाकण जुन्या, डाख दिलेल्या रेडिएटरवर बसवू नये, सांधे फुटतात. आणि तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच पाण्याची क्षणात वाफ होऊन ती तोंडावर येते. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि स्वस्थ बसावे. थंड होण्यात गेलेला तास हा भाजलेल्या हातापेक्षा स्वस्तच.

जुन्या गाडीत नवे इंजिन बसविणे म्हणजे दोन घराण्यांची सोयरीक जुळविणे होय. दोघेही आपापल्या जागी निर्दोष असतात. भांडण होते ते देण्याघेण्यावरून. म्हणून पुढच्या वेळी गाडी तापली, तर मिस्त्रीला “काय बदलायचे?” असे विचारू नका. “केव्हा तापते, ते आधी पाहू,” असे म्हणा. एका वेळी एकच गोष्ट तपासा, आढळेल ते वहीत टिपून ठेवा. पुष्कळ गाड्या एवढ्यानेच वाचतील.