पेरणीचा निर्णय आणि पाठ्यपुस्तकातील शेतकरी

अंशलक्ष्यी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील उत्पादक मोठा भाग्यवान प्राणी होय. मालाची किंमत त्याला आधीच ठाऊक असते आणि सीमान्त खर्च तिच्याइतका होईपर्यंत तो निर्धास्तपणे उत्पादन वाढवीत जातो. यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापूस उत्पादकाला मात्र जूनमध्ये बियाणे मातीत टाकताना पाऊस टिकेल की दुबार पेरणी करावी लागेल, हेही सांगता येत नाही. दिवाळीनंतरच्या भावाची गोष्ट तर दूरच. म्हणून तो कपाशीत तुरीच्या ओळी ठेवतो आणि खताच्या बाबतीत हात आखडता घेतो.

या सावधपणाला अडाणीपणा म्हणण्याची रीत जुनीच आहे. तो खरोखर स्वभावदोष आहे काय, याचा निर्णय तर्काने लागणारा नव्हे. हान्स बिन्स्वांगर यांनी तो प्रश्न सरळ शेतकऱ्यांपुढे नेला. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून काही गावांचा अभ्यास आरंभला होता. त्यांत अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेड ही गावे होती. यवतमाळचा कापूस 'शकुंतला' रेल्वेने ज्या मूर्तिजापूरकडे जाई, त्याच परिसरातली. तेथे गावकऱ्यांपुढे नाणेफेकीचे पर्याय ठेवण्यात आले. नाणे कसेही पडो, ५० रुपये निश्चित. किंवा एका बाजूस ३० व दुसऱ्या बाजूस १५०. किंवा शून्य अथवा २००. मधलेही काही पर्याय होते. पैसे खरे होते. आरंभी डाव अर्ध्या रुपयाचा होता, पुढे तो पन्नासापर्यंत नेला. त्या काळी ही रक्कम मजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होती.

१९८० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करावयास लावणारे होते. डाव मोठा होताच बहुतेक सर्वजण मध्यम सावधपणाकडे वळले, आणि सधन व निर्धन यांच्या वृत्तीत फारसा फरक आढळला नाही. मग एकजण विहीर खणतो आणि दुसरा खणत नाही, याचे कारण स्वभावात नसून कर्ज, बाजार व माहिती कोणाला किती सुलभ आहे यात शोधावे लागते. शेतकऱ्याची 'मानसिकता' बदलू पाहणाऱ्या मेळाव्यांपेक्षा पेरणीपूर्वी हाती पडणारे पीककर्ज अधिक मोलाचे ठरते, ते यामुळेच.

अर्थात या प्रयोगास मर्यादा आहे. त्या खेळात शून्याच्या खाली कोणी जात नव्हते. कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे आणणारा मात्र शून्याच्या खालूनच आरंभ करतो. तोट्याचे दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदाहून अधिक तीव्र असते, हे कानमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखविले. कर्जबाजारी शेतकऱ्याचे निर्णय त्या दृष्टीने तपासले पाहिजेत.

त्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. यवतमाळ, पुसद, वणीच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकणारी कितीतरी मुले शेतकऱ्यांचीच आहेत. यंदा बियाणे रोखीने आले की उधारीने, दुसरी पेरणी कोणाच्या पैशावर झाली, हे त्यांना घरातच कळते. परीक्षेत मात्र ती सफरचंद आणि संत्री यांचा समवृत्ती वक्र काढून मोकळी होतात. त्यातल्या त्यात संत्री तेवढी वैदर्भीय!