गाडीचे पाणी जाते कुठे?



आज गावोगावी जीप आहे, पिकअप आहे, कुणाच्या दारात लहान मोटार आहे. भाजी बाजाराला न्यायची ती याच गाडीतून, आणि अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याला न्यायचे तेही याच गाडीतून. ती ऐन घाटात वाफा सोडत उभी राहिली, म्हणजे काय गत होते हे तुम्हांला सांगायला नको. अशा वेळी पुष्कळदा असे आढळते की, रेडिएटरमधले पाणी चार दिवसांपासून कमी होत होते आणि रोज सकाळी वरून बाटलीभर ओतले जात होते.

आता असे पाहा. इंजिन काही पाणी पीत नाही. हे पाणी, म्हणजे पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण, बंद वाटेने फिरत असते. पंप ते ढकलतो, इंजिनातली उष्णता ते उचलते, रेडिएटरच्या जाळीत येऊन निवते आणि पुन्हा आत जाते. ते वारंवार कमी होत असेल, तर कुठून तरी बाहेर जाते आहे हे नक्की. ती वाट शोधल्याशिवाय नुसती भर घालणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

शोधायला लागण्यापूर्वी एक इशारा. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. याचे कारण शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे. उघड्या भांड्यात, समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर सुमारे ९५ अंशांनाच. पण प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो आणि उकळबिंदूही वर सरकतो. रेडिएटरचे झाकण हेच काम करते. बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जादा दाब असला, तर साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. अशा वेळी झाकण फिरवले की दाब एकदम सुटतो आणि आतले पाणी वाफ होऊन तोंडावर, हातांवर उसळते. म्हणून काटा वर गेला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि ते हाताला गार लागेपर्यंत थांबा. तासभर गेला तरी चालेल. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. त्यात हात घालू नका. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेड तडकण्याची भीती असते.

आता शोध. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग पाहा. एसीचे पाणी स्वच्छ असते, त्याला वास नसतो. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी, बोटाला बुळबुळीत लागणारे. मात्र चव घेऊन पाहू नका, ते विष आहे. डाग कुठे पडला त्याच्या बरोबर वर बघा. गळती वाळलेली असेल, तर तिथे रंगीत किंवा पांढरट पापुद्रा दिसतो. क्रमाने पाहा: रबरी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा, रेडिएटरची जाळी व सांधे, झाकणाचे रबर, आणि पाण्याचा पंप. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दामच ठेवलेले असते. आतले सील झिजले की तिथून ठिबकते. ते भोक बुजवायचे नसते, पंप बदलायचा असतो.

बाहेर काहीच दिसले नाही, तर गॅरेजमध्ये हातपंपाने दाब देऊन तपासता येते. दाब झाकणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर नेऊ नये. काटा उतरू लागला की गळती आहेच. इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, किंवा इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव आहे. मग गाडी चालवू नका, ओढून न्या.

नळी बदलणे मात्र घरी जमते. गार इंजिनातले पाणी घमेल्यात काढा. क्लिप सैल करून नळी पिळून ओढा. चिकटली असेल तर सुरीने उभी चिरा. धातूची तोटी काचकागदाने साफ करा. त्याच मापाची व आकाराची नवी नळी तोटीच्या फुगीर कडेपलीकडे सरकवा आणि क्लिप त्या कडेच्या मागे आवळा. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरा. प्रमाण बहुधा निम्मे-निम्मे असते. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर बसतो, जसा पाणी तापवण्याच्या बंबात बसतो. शेवटी पुस्तिकेत दिलेल्या रीतीने आतली हवा काढा आणि दोन दिवस पातळीवर नजर ठेवा.

कित्येक ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात. तिने बारीक भोक काही काळ बुजते, हे खरे. पण तीच हळद जाळीच्या अरुंद नळ्यांतही बसते, आणि आज वाचलेला खर्च पुढे दुप्पट होतो. अडल्या वेळी गावापर्यंत पोचण्यापुरती ती युक्ती, दुरुस्ती नव्हे.

आणि हो, घमेल्यातले ते जुने कूलंट! त्याची चव गोडसर असते. कुत्रे, वासरू, एखादे लहान मूलही त्याला तोंड लावील. ते झाकणाच्या डब्यात भरा, डब्यावर ‘विष’ असे ठळक लिहा आणि गॅरेजवाल्याकडे द्या. गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

दर आठवड्याला, सकाळी इंजिन गार असताना, टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे ना, एवढे पाहायला एक मिनिट पुरते. ते मिनिट काढीत जा.