लॉन लेकचं मातीचं धरण

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना रॉकी माउंटन नॅशनल पार्क दाखवतोच. एस्टेस पार्कच्या बाजूनं आत शिरल्यावर ‘अल्युव्हिअल फॅन’ ही दगडगोट्यांची प्रचंड रास लागते. तिच्यावर चढून काढलेले फोटो माझ्याही फोनमध्ये आहेत. ती रास १५ जुलै १९८२ च्या एका सकाळी तयार झाली.

तिच्या वर, सुमारे ११,००० फुटांवर, लॉन लेक आहे. १९०३ साली खालच्या लव्हलँडकडच्या शेतीसाठी त्याला मातीचा बांध घातला. उंची जेमतेम २६ फूट. बर्फ वितळलं की पाणी अडवायचं, पिकाला लागेल तसं सोडायचं.

मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यात वावगं काही नाही. पाझर स्वच्छ आहे तोवर ठीक. तो गढूळ झाला की समजावं, पाण्याबरोबर धरणही निघालंय. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे भरावातून पाणी सोडणारा पाइप. लॉन लेकला पाइप आणि झडप यांचा सांधा शिशानं बुजवला होता. बहुधा तोच झिजला. दाबाखालचं पाणी मातीत शिरलं, कण कण वाहून नेत आतल्या आत पोकळी करत गेलं. वरून काय दिसणार? आणि सहा मैल डोंगर चढून बघायला जाणार कोण? आमच्या आयटीतही जुन्या प्रणालीचा एखादा भाग कोणी वर्षानुवर्षं उघडत नाही; ‘चालतंय ना’!

पहाटे साडेपाचच्या सुमारास बांध फुटला. साडेचारशे टनांचा दगडसुद्धा हलला. कचरा उचलायला आलेल्या एका ड्रायव्हरनं आवाज ऐकून आपत्कालीन फोनवरून कळवलं, म्हणून बऱ्याच जणांना सावध करता आलं. तरी तंबू ठोकून राहिलेले तिघे गेले आणि एस्टेस पार्कच्या बाजारपेठेत चिखलपाणी शिरलं.

पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवेल. पानशेतचं धरण नवंकोरं होतं, पण खचला तो पाणी सोडायच्या मोरीवरचाच भराव.

पार्कातली ब्लूबर्ड, सँडबीच आणि पेअर ही धरणं नंतर काढून टाकली. खालच्या मैदानातली मात्र काढता येणार नाहीत. तिथला मका आणि बीट त्यांच्या पाण्यावर आहे. अशा तलावाच्या बांधावर फिरायला गेलात, तर उतरून पायथ्याकडेही एक नजर टाका. ओल, हिरवळ चालेल. गढूळ पाणी वाहताना दिसलं, तर फोटो काढत बसू नका, आधी ९११ लावा.