खाजणाची हद्द कोणत्या भरतीला मोजायची?

मुलुंड, भांडुप, कांजूरच्या मिठागरांची सुमारे 256 एकर जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये घेतला, आणि वाद पेटला. पूर्व द्रुतगती मार्ग झाल्यापासून तिथे भरती पोहोचत नाही, असं सरकारी बाजू म्हणते. विरोधक विचारतात, मग पावसाचं पाणी कुठे थांबणार? हे भांडण नकाशाचं आहे, आणि ते जुनं आहे.

कॅप्टन थॉमस डिकिन्सनने 1812 ते 1816 या काळात मुंबई बेट मोजलं, तर 1865 ते 1872 मध्ये लॉटन या सर्वेक्षकाने. लॉटनच्या मोठ्या तक्त्यांवर एका इंचात 40 फूट बसतात. घरंसुद्धा सुटी ओळखता येतात. या मोजण्यांमागे महसूल होता. ज्यावर सारा बसतो, त्याची हद्द चोख हवी. पण खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनीत, मोजणीची साखळी धरायची कुठे? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जिथे पाणी चढतं, तिथे अष्टमीच्या भांगाला नुसता चिखल उघडा असतो. कागदाला मात्र एकच रेघ लागते. ती एकदा पडली की आतलं सगळं जमीन धरलं जातं.

अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा या वास्तुरचनाकारांनी नेमकं या रेघेवर बोट ठेवलं. 2009 मधल्या त्यांच्या ‘सोक’ या प्रदर्शनाचं आणि पुस्तकाचं म्हणणं असं, की मुंबई हे बेट नव्हे, खाडीमुख आहे. म्हणून त्यांनी भूभागाचे उभे छेद काढले: टेकडी, उतार, तिवरं, चिखल, पाणी. कुठे किती पाणी मुरतं, किती साचतं, हे छेदात दिसतं. मुंबईबद्दल इतका मूलभूत विचार मला दुसरीकडे क्वचितच आढळला.

पाणी एका रेघेवर थांबत नाही, हे आगरी मीठकऱ्याला सांगावं लागत नाही. उधाणाला बांधाचं तोंड उघडून पाणी आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवून आटवायचं, हा त्याचा धंदाच. पावसाळ्यात मीठ बंद असतं, तेव्हा तेच वाफे पाणी धरून ठेवतात.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या मुखाजवळच्या खाजणावर तोवर वांद्रे-कुर्ला संकुल उभं होतं; पाणी धरणारी ती जागा गेली होती.

म्हणून मिठागरांवर पहिला खांब रोवण्याआधी जमिनीची पातळी, उधाणाची रेषा, बांध आणि पाण्याच्या वाटा दाखवणारा ताजा नकाशा सरकारने लोकांसमोर ठेवावा. धारावीकरांना घरं मिळायलाच हवीत, पण पाण्याच्या वाटेवर नकोत.