दर्शनी पॅनेल (घरगुती इलेक्ट्रॉनिक वाद्य-उपकरणे)

दर्शनी पॅनेल म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा वापरणाऱ्याच्या समोर येणारा, नॉब, स्विच, दिवे व जोडण्या बसवलेला पृष्ठभाग होय. हा पृष्ठभाग या भागांना आधार देतो आणि त्यांचे कार्य अक्षरांनी किंवा चिन्हांनी सांगतो. सूरपेटी, सिंथेसायझर, मिक्सर, एको यांसारखी उपकरणे हौसेने बांधणाऱ्यांच्या कामात सर्किट उत्तम चालते, मात्र पॅनेल ओबडधोबड राहते, असे पुष्कळदा आढळते. पॅनेलला येणारे कारखानी रूप महागड्या यंत्रांपेक्षा अचूक मापे, नियंत्रकांचा योग्य क्रम आणि सुवाच्य अक्षरे यांवर अवलंबून असते. त्यामुळे जळगाव, धुळे यांसारख्या जिल्हा ठिकाणी मिळणाऱ्या सोयींतूनही असे पॅनेल तयार करता येते.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग व डॉन बुक्ला यांनी सुट्या घटकांचे सिंथेसायझर तयार केले. या वाद्यांत पॅनेल हेच वादकाचे कार्यक्षेत्र ठरले. भारतात अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर असलेला ध्वनिकक्ष उभा राहिला. पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरा व सूरपेटी यांचा प्रसार झाला आणि भारतीय गायकवादकांच्या हाती नॉब व स्विच असलेली उपकरणे नित्याची झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतील डोएफर कंपनीने युरोरॅक ही मापपद्धती रूढ केली. हौशी कारागीर आज तीच पद्धती मोठ्या प्रमाणावर वापरतात.

प्रमाणित मापे

रॅकमध्ये बसणाऱ्या उपकरणाच्या पॅनेलची रुंदी १९ इंच म्हणजे ४८२.६ मि.मी. असते. उंची 'यू' या एककात मोजतात व १ यू म्हणजे ४४.४५ मि.मी. होय. युरोरॅक पॅनेलची उंची १२८.५ मि.मी. असून रुंदी 'एचपी' या एककात मोजली जाते. १ एचपी म्हणजे ५.०८ मि.मी.

छिद्रांची मापे सुट्या भागांवर ठरतात. ३.५ मि.मी. जॅकसाठी साधारणतः ६ मि.मी., तर गिटारच्या पाव इंची जॅकसाठी सुमारे ९.५ मि.मी. छिद्र लागते. लहान पॉटसाठी (आवाज कमीजास्त करणाऱ्या नियंत्रकासाठी) सुमारे ७ मि.मी. छिद्र पुरते. एकाच नावाचे भाग निरनिराळ्या मापांत मिळत असल्याने भाग हाती आल्यावर वर्निअर कॅलिपरने मोजून मगच आराखडा केला जातो.

आराखडा

नियंत्रकांचा क्रम ध्वनीच्या प्रवाहानुसार ठेवण्याची पद्धत आहे. प्रवेश डावीकडे, संस्कार मध्यभागी व निर्गम उजवीकडे असल्यास अनोळखी वादकालाही उपकरण उमगते. नावे नॉबच्या वर लिहिली जातात, कारण हात खालून येतो व खालची अक्षरे झाकतो. जॅकचे नावही वरच असते, कारण वायर खाली लोंबते. दोन नॉबांच्या मध्यबिंदूंत किमान २० मि.मी. अंतर असल्यास बोटे अडकत नाहीत.

पॉटचा दांडा बहुधा ३०० अंशांत फिरतो. ० ते १० असे आकडे द्यायचे असल्यास प्रत्येक खूण ३० अंशांवर येते आणि ५ हा आकडा बरोबर माथ्यावर येतो. भजनी मंडळासाठी बांधलेल्या सूरपेटीचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. स्वर निवडण्यासाठी तिच्यात १२ स्थानांचा फिरता स्विच बसवल्यास त्याच्याही दोन स्थानांत ३० अंशांचे अंतर असते. मराठी गायक आपली पट्टी 'काळी एक', 'पांढरी चार' अशी हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून सांगतात. म्हणून स्विचभोवती पांढरी १, काळी १, पांढरी २, काळी २, पांढरी ३, पांढरी ४, काळी ३, पांढरी ५, काळी ४, पांढरी ६, काळी ५ व पांढरी ७ हा क्रम येतो. करड्या पॅनेलवर हीच स्थाने पांढऱ्या व काळ्या ठिपक्यांनी दाखवून त्यांच्याजवळ केवळ आकडा लिहिल्यास जागा वाचते आणि पट्टी एका दृष्टिक्षेपात सापडते.

आराखडा मूळ मापात कागदावर छापताना छपाईयंत्र चित्र नकळत लहान करण्याचा संभव असतो. यासाठी कोपऱ्यात १०० मि.मी.ची रेघ आखून ती छपाईनंतर पट्टीने मोजली जाते.

पत्र्याचे काम

घरगुती पॅनेलसाठी २ मि.मी. जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सोयीचा असतो. छापील आराखडा त्यावर तात्पुरता चिकटवून प्रत्येक मध्यबिंदूवर सेंटर पंचने खूण केली जाते. आधी २ ते ३ मि.मी.चे छिद्र पाडून मग ते मोठे केले जाते. पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवणे व पत्रा शिकंज्यात आवळणे आवश्यक असते, कारण हाताने धरलेला पत्रा ड्रिलबरोबर फिरून बोटे कापू शकतो. छिद्रांच्या कडा कानसीने साफ केल्या जातात. पॉटच्या अंगावर असलेल्या लहान धातूच्या कानासाठी नॉबखाली झाकले जाईल असे छोटे छिद्र देतात. असे केल्याने पॉट जागच्या जागी गरगरत नाही. छिद्रे, रंग, अक्षरे आणि पारदर्शक लॅकर हा कामाचा सर्वसाधारण क्रम होय.

अक्षरांकनाच्या पद्धती

पूर्वी घासून उमटवायची तयार अक्षरे वापरली जात. सध्या पुढील पद्धती प्रचलित आहेत.

पारदर्शक फिल्मवर उलटी छपाई: आरशातल्यासारखे उलटे चित्र फिल्मच्या मागील बाजूस छापून फिल्म पत्र्यावर चिकटवतात. बोटांचा घाम शाईपर्यंत पोहोचत नसल्याने अक्षरे टिकतात.

स्क्रीन प्रिंटिंग: लग्नपत्रिका छापणारे कारागीर हे काम जाणतात. एकाच आराखड्याची अनेक पॅनेल करताना ही पद्धत परवडते.

लेझर कोरीवकाम: नामफलक व स्मृतिचिन्हे करणाऱ्या दुकानांत दुरंगी ॲक्रिलिकवर वरचा थर कोरून खालच्या रंगाची अक्षरे काढतात.

हाताने कोरणे: स्टीलच्या भांड्यांवर नावे घालणारा कारागीर विजेच्या लेखणीने ॲल्युमिनियमवरही लिहू शकतो. कोरलेल्या रेषेत काळा रंग भरून वरचा पुसून घेतात.

रेडियम कटिंग: चिकट पट्टीतून कापली जाणारी अक्षरे मोठ्या आकारात उत्तम दिसतात, मात्र बारीक आकारात मात्रा निसटतात.

सर्किट बोर्डाचे पॅनेल: १.६ मि.मी. जाडीचा छापील सर्किट बोर्डच पॅनेल म्हणून बनवून घेतला जातो. छिद्रे, रंग व अक्षरे कारखान्यातूनच तयार होऊन येतात.

लॅकर फवारण्यापूर्वी वाया गेलेल्या तुकड्यावर चाचणी घेणे हितावह असते, कारण काही लॅकर शाई विरघळवतात.

देवनागरी अक्षरांचे प्रश्न

रोमन मोठ्या लिपीच्या तुलनेत देवनागरीला अधिक उंची लागते, कारण शिरोरेषेच्या वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार येतो. बारीक आकारात जोडाक्षरांतील पोकळ्या शाईने भरून जातात. त्यामुळे 'आवाज', 'गती', 'पंचम', 'चालू' असे सुटसुटीत शब्द व एकसारख्या जाडीच्या रेषांचा टंक निवडला जातो.

छपाईच्या दुकानांत दुसरी अडचण येते. अनेक ठिकाणी श्रीलिपीसारखे जुन्या संकेतांचे टंक वापरात आहेत. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला मजकूर जुन्या आरेखन-प्रणालीत उघडल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते व जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. मजकुराचे आकृतिरेषांत रूपांतर करून मगच फाइल दिल्यास हा दोष टळतो. एकदा धातूवर कोरलेली चूक पुसता येत नसल्याने कागदी प्रत दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतली जाते.

खानदेशातील हवामान व वापर

जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. लग्नसराई व जत्रांचा बराचसा भाग याच काळात येतो आणि उपकरणे मांडवात किंवा उघड्या वाहनावर तापत राहतात. अशा उष्णतेत साध्या स्टिकरचा गोंद सुटतो. घरगुती इंकजेटची शाई उन्हाने उडते. ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. ३०० मि.मी. लांबीची ॲक्रिलिकची पट्टी १० अंशांपासून ५० अंशांपर्यंत तापल्यास सुमारे ०.८ मि.मी.ने वाढते. घट्ट आवळलेल्या स्क्रूंपाशी तिला तडे जाऊ नयेत म्हणून ॲक्रिलिकच्या पॅनेलला कडेची छिद्रे किंचित लांबट दिली जातात. चकचकीत पॅनेल भर उन्हात डोळ्यांवर येते व अक्षरे दिसत नाहीत. त्यामुळे मंद पृष्ठभाग व गडद-फिक्या रंगांचा ठळक भेद श्रेयस्कर ठरतो.

सुरक्षितता

धातूचे पॅनेल वादकाच्या हाताला सतत लागते. आत २३० व्होल्टचा पुरवठा असून एखादी वायर सुटून पॅनेलला टेकली, तर प्राणघातक धक्का बसू शकतो. त्यामुळे असे पॅनेल अर्थिंगला जोडणे अनिवार्य असते. रंगाचा किंवा ॲनोडायझिंगचा थर विजेला अडवतो, म्हणून अर्थिंगच्या स्क्रूखालील जागा मागील बाजूने खरवडून धातू उघडा केला जातो. नवशिक्या कारागिराने तयार १२ व्होल्टचा प्रमाणित ॲडॅप्टर वापरून मुख्य वीजपुरवठा पेटीबाहेरच ठेवणे अधिक सुरक्षित होय. सर्किटच्या ग्राउंडशी योग्य रीतीने जोडलेले धातूचे पॅनेल बाहेरील विद्युत-गोंगाटही अडवते आणि ध्वनीतील घरघर कमी करते.

दुरुस्ती

पॅनेल खिळ्यांनी किंवा गोंदाने कायमचे न जोडता स्क्रूंनी बसवले जाते. छिद्रांची मापे व वायरींचे रंग नोंदवलेल्या आराखड्याची एक प्रत पेटीच्या आतील बाजूस चिकटवण्याची प्रथा उपयुक्त आहे. तिच्या आधारे मूळ कारागीर उपलब्ध नसतानाही गावातील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला उपकरण पुन्हा चालू करता येते.