डोळ्याचे चित्र आणि चित्राची पारख

तंजावर म्हटले की बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर आणि सरस्वती महाल ग्रंथालय आपणांस आठवते. या ग्रंथालयात पोथ्यांबरोबर नेत्ररोग्यांच्या जुन्या नोंदीही जतन केलेल्या आहेत. भोसले कुळातील सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाची सांगड घातली जात असे. रोग्याची हकीकत लिहून घेत आणि त्याच्या डोळ्याचे चित्रही काढून घेत.

चित्रकार रोगाची खूण तेवढी रेखाटतो, दिव्याची तिरीप गाळतो. आज हीच निवड गणित करते. सूक्ष्मदर्शकावरील कॅमेरा दृश्याच्या बारीक चौकटी पाडतो आणि प्रत्येकीच्या उजेडाला आकडा देतो. बहुधा ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. मंद प्रकाशात या आकड्यांत खोटे चढउतार मिसळतात. शास्त्रज्ञ त्यांना 'गोंगाट' म्हणतात. स्थिर वस्तूची १६ चित्रे घेऊन सरासरी काढली, तर असा गोंगाट चौथाईवर येतो. दुसरी रीत अशी की, एक चौकट व तिच्या आठ शेजारणी यांचे आकडे क्रमाने मांडून मधला घ्यावयाचा. चाळिशीच्या आसपासच्या आकड्यांत एखादा २५० उपटला, तर तो खोटा ठिपका नाहीसा होतो.

परंतु खरी खूणही अशीच नाहीशी होऊ शकते. कावेरीकाठच्या भातशेतीत काम करताना कुसळाने बुबुळाला इजा झाली, तर तेथे बुरशीचा व्रण होण्याचा संभव असतो. नेत्रवैद्य तो व्रण हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. तंतू एकाच चौकटीइतका बारीक उमटला असेल, तर नऊपैकी तीनच आकडे त्याचे असतात. मधला आकडा पार्श्वभूमीचा निघतो आणि तंतू पुसला जातो! बुरशी नाही असे समजून स्टेरॉइडचे थेंब दिले, तर व्रण चिघळून दृष्टी जाण्याचे भय असते.

म्हणून मूळ चित्र कधीही टाकून देऊ नये. स्वच्छ केलेले चित्र त्याच्याशेजारी ठेवून, रोग्याची हकीकत ध्यानी घेऊनच निर्णय करावा. तंजावरच्या त्या कागदांवर हकीकत आणि चित्र एकत्र आहेत, ते उगीच नव्हे.

आपल्या घरी कोणाच्या डोळ्यात कुसळ गेलेच, तर डोळा चोळू नये, मनाने थेंब घालू नयेत. विनाविलंब नेत्रवैद्य गाठावा.