जुनी उपकरणे आणि नवे पोर्ट

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नवा संगणक आला, की कामाचा वेग वाढेल अशी सर्वांचीच अपेक्षा असते. परंतु पुष्कळदा पहिल्याच दिवशी निराळा अनुभव येतो. कालपर्यंत बिनतक्रार चालणारे बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन नव्या संगणकास जोडले, तर तो त्याची दखलच घेत नाही. दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ 'उद्या या' हे उत्तर ऐकून परततो, उपकरण नादुरुस्त ठरते आणि त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होऊ लागतो. वस्तुतः ते बहुधा शाबूत असते.

यूएसबी ही जोडणीची पद्धत १९९६ मध्ये प्रचारात आली. २००० मधील दुसऱ्या आवृत्तीचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट होता. २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीने तो ५ गिगाबिटवर नेला. जुन्या पोर्टात चार धातूच्या पट्ट्या असत. नव्यात त्या चार तशाच ठेवून पाच वाढविण्यात आल्या. म्हणूनच आत बहुधा निळा रंग असलेल्या या पोर्टात जुने उपकरण सहज बसते, आणि ते चालावे अशीच मूळ योजना आहे.

मग घोडे अडते कोठे? पोर्टाच्या मागे त्याचा कारभार पाहणारा एक नियंत्रक असतो आणि त्याच्याशी बोलण्यासाठी संगणकास ड्रायव्हर नावाची आज्ञावली लागते. २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीच्या संचांतून जुना नियंत्रक वगळण्यात आला. नव्या नियंत्रकाचा ड्रायव्हर २००९ च्या विंडोज ७ मध्ये नव्हता. त्यामुळे ती प्रणाली बसवू पाहणाऱ्यांचे माउस व कळफलकच निश्चल झाले. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो ड्रायव्हर प्रणालीतच येतो. आता अडचण उद्भवते ती बहुधा उपकरणाचा स्वतःचा ड्रायव्हर जुन्या प्रणालीसाठी लिहिलेला असल्याने.

तेव्हा प्रथम पोर्ट बदलून पाहावे. शक्यतो संगणकाच्या मागील बाजूचे काळे पोर्ट घ्यावे. पुढचे पोर्ट आतून लांब वायरीने जोडलेले असतात. त्यानंतर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. उपकरणाच्या नावापुढे पिवळी खूण दिसली, तर दोष पोर्टाचा नसून बहुधा ड्रायव्हरचा आहे असे समजावे व निर्मात्याकडील नवा ड्रायव्हर बसवावा. तेवढ्याने भागले नाही, तर मध्ये दुसऱ्या आवृत्तीचा साधा हब जोडावा. हा स्वस्त उपाय कित्येकदा लागू पडतो. सकाळी चालणारे यंत्र दुपारी दिसेनासे होत असेल, तर वीजबचतीसाठी संगणक पोर्ट झोपवीत असण्याचा संभव असतो; ती सोय बंद करता येते.

नवे पोर्ट वीज कमी देते, हा समज मात्र चुकीचा आहे. जुन्याची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, तर नव्याची ९०० आहे. बिनतारी माउस अडखळण्याचे कारण वेगळेच असते: वेगवान पोर्टातून निघणारा गोंगाट माउसच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींत मिसळतो. माउसचा ग्राहक छोट्या वायरीने दूर नेला, की तो सुरळीत चालतो.

काही जुन्या उपकरणांचे नवे ड्रायव्हर निर्मात्यांनी काढलेच नाहीत. तेथे पोर्ट बदलून उपयोग नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावात मात्र 'नादुरुस्त' एवढेच न लिहिता ते कोणत्या प्रणालीवर चालत नाही हे नमूद करावे. जुना संगणक असलेल्या एखाद्या शाळेत ते अद्याप कामी येऊ शकते.